विश्लेषण : अभिनेता की अभिनेत्री? एशिया केट डिलन यांच्या प्रश्नाने पुरस्कारांची रचना कशी बदलली?

‘बिलियन्स’ मालिकेतील टेलर मेसन आणि ‘जॉन विक ३’मधील ॲडज्युडिकेटर या भूमिकांमुळे एशिया केट डिलन हे नाव भारतातील ओटीटी प्रेक्षकांच्याही ओळखीचे आहे. स्वतःला पुरुष किंवा स्त्री यांपैकी कोणत्याही चौकटीत न बसवणाऱ्या, म्हणजे नॉन-बायनरी, कलाकारांपैकी डिलन हे एक ठळक नाव. २०१७ मध्ये एमी पुरस्कारासाठी नाव पाठवायची वेळ आली तेव्हा डिलन यांच्यापुढे दोनच पर्याय होते : अभिनेता किंवा अभिनेत्री. त्यावर डिलन यांनी आयोजकांना पत्र लिहून एक साधा प्रश्न विचारला. त्या प्रश्नानंतर काही पुरस्कारांनी आपले विभाग बदलले, काहींनी बदलायला नकार दिला, तर काही ठिकाणी बदल केल्यावर नवीच अडचण उभी राहिली. हे प्रकरण नेमके काय आहे?

एशिया केट डिलन कोण?

डिलन यांचा जन्म १५ नोव्हेंबर १९८४ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका शहरात झाला. अभिनयाची सुरुवात रंगभूमीवरून झाली. पडद्यावर मोठ्या प्रेक्षकवर्गापर्यंत हा चेहरा पोहोचला तो २०१६ मध्ये, नेटफ्लिक्सच्या ‘ऑरेंज इज द न्यू ब्लॅक’ या मालिकेच्या चौथ्या पर्वात. महिलांच्या तुरुंगावरील या मालिकेत डिलन यांच्या वाट्याला ब्रँडी एप्स ही वर्णद्वेषी कैद्याची भूमिका आली. भूमिका लहान होती, पण दखल घेतली गेली.

त्याच सुमारास ‘शोटाइम’ वाहिनीच्या ‘बिलियन्स’ मालिकेत एका नव्या पात्रासाठी कलाकाराचा शोध सुरू होता. निवड चाचणीसाठी पाठवलेल्या वर्णनात या पात्रासाठी दोन शब्द होते : ‘फीमेल’ आणि ‘नॉन-बायनरी’. डिलन यांनी नंतर अनेक मुलाखतींत सांगितल्याप्रमाणे, हे दोन शब्द शेजारी कसे असू शकतात हे समजून घेण्यासाठी त्यांनी शोधाशोध केली. ‘फीमेल’ हा शब्द जन्माच्या वेळी नोंदवलेल्या शारीरिक लिंगाबद्दल आहे आणि ‘नॉन-बायनरी’ हा स्वतःच्या लिंगभावाबद्दल, हे लक्षात आले आणि डिलन यांना रडू कोसळले. इतकी वर्षे जे जाणवत होते त्याला शब्द सापडला होता. स्वतःच्या परिचयातून ‘ती’ हे सर्वनाम काढून टाकायला त्यांनी आधीच सुरुवात केली होती. आता त्यामागचे कारण सांगणे सोपे झाले.

भूमिकेसाठी कलाकार अभ्यास करतात, हे नेहमीचे. इथे भूमिकेच्या चार ओळींच्या वर्णनाने कलाकाराला स्वतःची ओळख सांगण्याची भाषा दिली.

नॉन-बायनरी म्हणजे नेमके काय?

मराठीत ‘लिंग’ आणि ‘लिंगभाव’ असे दोन वेगळे शब्द आहेत आणि हा फरक समजून घ्यायला ते पुरेसे आहेत. लिंग म्हणजे शारीरिक रचना, जिच्या आधारे जन्मदाखल्यावर मुलगा किंवा मुलगी अशी नोंद होते. लिंगभाव म्हणजे त्या व्यक्तीला स्वतःबद्दल असलेली जाणीव. बहुतेकांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी जुळतात, त्यामुळे वेगळ्या शब्दांची गरज भासत नाही. ज्यांच्या बाबतीत त्या जुळत नाहीत, त्यांच्यासाठी ‘ट्रान्सजेंडर’ ही व्यापक संज्ञा आहे. त्यातही काही जण स्वतःला ठामपणे स्त्री किंवा पुरुष मानतात. काहींना यांपैकी एकही शब्द आपला वाटत नाही, किंवा दोन्ही अंशतः वाटतात. या शेवटच्या गटासाठी ‘नॉन-बायनरी’ हा शब्द वापरला जातो.

याचा कोणाबद्दल आकर्षण वाटते याच्याशी थेट संबंध नाही. कपडे, केस किंवा आवाज यावरूनही ते ठरत नाही. डिलन यांचे बारीक कापलेले केस आणि सूट ही टेलर मेसनची ओळख झाली खरी, पण तशी वेशभूषा करणारी प्रत्येक व्यक्ती नॉन-बायनरी नसते. तसेच प्रत्येक नॉन-बायनरी व्यक्ती तशी दिसेल असेही नाही.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी ‘नालसा’ खटल्याच्या निकालात तृतीयपंथी व्यक्तींना कायदेशीर ओळख दिली. संसदेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्यातील मूळ व्याख्येत किन्नर, हिजडा, जोगता या पारंपरिक ओळखींबरोबर ‘जेंडरक्वीअर’ हा शब्दही होता. मात्र हिजडा किंवा जोगता या ओळखींना स्वतःची परंपरा, गुरू-शिष्य नाते आणि समाजातले ठरलेले स्थान आहे. ‘नॉन-बायनरी’ ही व्यक्तीने स्वतःपुरती सांगितलेली ओळख आहे. त्यामुळे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरणे चुकीचे ठरते.

‘बिलियन्स’मधली भूमिका का महत्त्वाची?

‘बिलियन्स’ ही न्यूयॉर्कमधील हेज फंडाचा मालक बॉबी ॲक्सलरॉड आणि सरकारी वकील चक ऱ्होड्स यांच्या संघर्षाची गोष्ट. डेमियन लुईस आणि पॉल जियामाटी यांच्या या भूमिका. पैसा, ईर्षा आणि मर्दानी बढाया यांनी भरलेल्या या जगात २०१७ च्या दुसऱ्या पर्वात टेलर मेसन हे पात्र शिकाऊ कर्मचारी म्हणून येते. मालकाशी पहिल्यांदा बोलताना टेलर आपले नाव आणि आपल्यासाठी वापरायचे सर्वनाम सांगते. ॲक्सलरॉड ते ऐकतो आणि थेट कामाचे बोलू लागतो. त्याला रस फक्त टेलरच्या डोक्यात चालणाऱ्या आकडेमोडीत असतो.

अमेरिकेच्या मुख्य प्रवाहातील टीव्हीवरचे हे पहिले नॉन-बायनरी पात्र मानले जाते. पण त्याचे वेगळेपण फक्त ‘पहिले’ असण्यात नाही. अशा पात्रांच्या वाट्याला तोवर साधारण दोनच प्रकारची कथानके यायची : एक, ओळख उघड होण्याचे दुःख, दोन, इतरांना धडा शिकवण्यासाठी झालेला छळ. टेलरच्या वाट्याला यांपैकी काही आले नाही. हे पात्र बढती मिळवत गुंतवणूक विभागाच्या प्रमुखपदी पोहोचते, मालकाशी फारकत घेऊन स्वतःची कंपनी काढते, विश्वासघात करते, विश्वासघात सोसते आणि पैशाच्या मोहात स्वतःची तत्त्वे वाकवते. म्हणजे मालिकेतल्या इतर सर्व पात्रांसारखेच गुंतागुंतीचे आणि पूर्ण माणूस. मालिका २०२३ मध्ये सात पर्वांनंतर संपली, तोवर टेलर कथानकाच्या केंद्राजवळ टिकून राहिले.

२०१९ च्या ‘जॉन विक : चॅप्टर ३’मध्ये डिलन यांनी एक पाऊल पुढे टाकले. नियम मोडणाऱ्यांना शिक्षा सुनावणारे ॲडज्युडिकेटर हे पात्र नॉन-बायनरी असावे, ही सूचना स्वतः डिलन यांची. दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की यांनी ती मान्य केली. चित्रपटात यावर एकही संवाद नाही. समोरची मंडळी ॲडज्युडिकेटरला घाबरतात ती अधिकाराला. जगभरात ३२ कोटी डॉलरहून अधिक कमाई करणाऱ्या ॲक्शनपटात असे पात्र कोणत्याही स्पष्टीकरणाविना वावरले, ही त्या वेळी नवी गोष्ट होती.

एमी पुरस्कारांना पाठवलेल्या पत्रात काय होते?

‘बिलियन्स’मधील कामाची चर्चा सुरू झाल्यावर वाहिनीने डिलन यांचे नाव एमी पुरस्कारासाठी पाठवायचे ठरवले. प्रश्न आला विभागाचा. सहायक अभिनेता की सहायक अभिनेत्री?

डिलन यांनी पुरस्कार देणाऱ्या टेलिव्हिजन ॲकॅडमीला पत्र लिहिले. त्याचा आशय असा : अभिनेता आणि अभिनेत्री हे विभाग लिंगभावावर आधारलेले असतील, तर या व्यवस्थेत माझ्यासारख्या व्यक्तीला जागाच नाही. ते जन्माच्या वेळी नोंदवलेल्या लिंगावर आधारलेले असतील, तर अभिनयाचे मोल ठरवताना माझ्या शरीराची माहिती कशाला हवी?

ॲकॅडमीकडून उत्तर आले की कोणीही कोणत्याही विभागात, कोणत्याही कारणासाठी प्रवेशिका पाठवू शकतो. नियमात लिंगाची अट नाही. म्हणजे दारावर पाट्या दोन होत्या, पण कोण कुठून आत जाते हे तपासणारे कोणी नव्हते.

यानंतर डिलन यांनी शब्दकोश उघडले. ‘ॲक्टर’ हा इंग्रजी शब्द सोळाव्या शतकापासून रंगमंचावर काम करणाऱ्या कोणत्याही व्यक्तीसाठी वापरात होता. ‘ॲक्ट्रेस’ हा शब्द नंतर आला. त्या आधारावर ‘ॲक्टर’ हा मुळात लिंगनिरपेक्ष शब्द आहे असे सांगत डिलन यांनी सहायक अभिनेता हा विभाग निवडला. एमीचे नामांकन मिळाले नाही. मात्र क्रिटिक्स चॉइस पुरस्कारांत नाट्यमय मालिकांतील सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेता या विभागात २०१८, २०१९ आणि २०२० अशी सलग तीन वर्षे डिलन यांना नामांकन मिळाले. पुरस्कार मात्र अनुक्रमे डेव्हिड हार्बर, नोआ एमरिक आणि बिली क्रुडप यांच्याकडे गेले.

संगणकावर अर्ज भरताना याचे साधे उदाहरण दिसते. ‘लिंग’ या रकान्यापुढे दोनच गोल असतात आणि त्यांपैकी एक भरल्याशिवाय ‘सबमिट’ दाबता येत नाही. टेलिव्हिजन ॲकॅडमीचे म्हणणे, कोणताही एक भरा. डिलन यांचा प्रश्न, हा रकाना अर्जात आहेच कशाला?

विभाग भूमिकेवरून ठरतो की कलाकारावरून?

या वादात सहज सुटून जाणारा मुद्दा हा की विभाग भूमिकेच्या लिंगावरून ठरत नाही. लिंडा हंट या अभिनेत्रीने ‘द इयर ऑफ लिव्हिंग डेंजरसली’ चित्रपटात बिली क्वान या पुरुषाची भूमिका केली आणि १९८४ मध्ये त्यांना ऑस्कर मिळाले ते सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचे. आपल्याकडे ‘जोगवा’मध्ये साडी नेसायला भाग पडलेल्या जोगत्याची भूमिका उपेंद्र लिमये यांनी केली आणि त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन्ही निर्णयांत कोणालाच काही वावगे वाटले नाही. याचा अर्थ पुरस्काराचा विभाग पडद्यावर दिसणाऱ्या कामावर नाही, तर ते करणाऱ्या व्यक्तीच्या ओळखीवर ठरतो. डिलन यांचे बोट नेमके इथेच आहे.

गंमत म्हणजे पटकथा, छायाचित्रण, संकलन, संगीत यांपैकी कशातही पुरुष आणि स्त्री असे वेगळे विभाग नसतात. भारताच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत बालकलाकारांसाठीही एकच विभाग आहे. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या पुरस्कारांत मराठी ‘नाळ २’मधील मुलगे आणि मुलगी यांना तो एकाच विभागात मिळाला. बालकलाकार मोठे झाले की मात्र विभाग दोन होतात.

पत्रानंतर काय बदलले?

७ मे २०१७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये एमटीव्ही मूव्ही अँड टीव्ही पुरस्कारांचा सोहळा झाला. त्या वर्षी एमटीव्हीने अभिनयाचे विभाग एकत्र केले होते. चित्रपटातील अभिनयाचा पहिला एकत्रित पुरस्कार जाहीर करण्यासाठी व्यासपीठावर डिलन यांना बोलावण्यात आले. ह्यू जॅकमन, जेम्स मॅकव्हॉय, डॅनियल कलुया, ताराजी हेन्सन, हेली स्टाइनफेल्ड अशी नामांकने होती. ‘ब्युटी अँड द बीस्ट’साठी एमा वॉटसन यांनी बाजी मारली. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणे म्हणजे अभिनय आणि त्यासाठी दोन विभागांची गरज नाही, अशा आशयाचे मनोगत वॉटसन यांनी व्यक्त केले.

त्यानंतरचे टप्पे असे :

● जून २०२० : स्क्रीन ॲक्टर्स गिल्डच्या पुरस्कारांसाठी नामांकन समितीत काम करण्याची विचारणा झाल्यावर डिलन यांनी खुले पत्र लिहिले आणि लिंगाधारित विभाग रद्द करण्याची मागणी केली. गिल्डने विभाग कायम ठेवले. त्यांच्याकडे दोन्ही विभागांत ‘ॲक्टर’ हाच शब्द वापरला जातो, फक्त त्याआधी ‘मेल’ आणि ‘फीमेल’ लावतात.

● २०२१ : बर्लिन चित्रपट महोत्सवाने अभिनयासाठी लिंगनिरपेक्ष पुरस्कार सुरू केले. मारेन एगर्ट पहिल्या मानकरी ठरल्या. त्याच वर्षी सॅन सेबॅस्टियन महोत्सव आणि न्यूयॉर्कच्या गॉथम पुरस्कारांनीही हाच मार्ग धरला.

● जून २०२१ : एमीने विभाग तसेच ठेवले, पण नामांकित आणि विजेत्या कलाकारांना मानचिन्हावर ‘ॲक्टर’ किंवा ‘ॲक्ट्रेस’ऐवजी ‘परफॉर्मर’ असा शब्द मागून घेण्याची मुभा दिली.

● २०२३ : स्वतंत्र चित्रपटांसाठीच्या स्पिरिट पुरस्कारांत प्रमुख आणि सहायक अभिनयाचे विभाग लिंगनिरपेक्ष झाले. प्रत्येकात दहा नामांकने. मिशेल योह आणि के ह्वी क्वान पहिल्या वर्षीचे विजेते.

ऑस्कर, गोल्डन ग्लोब, बाफ्टा आणि टोनी यांचे विभाग मात्र अद्याप वेगळेच आहेत.

इतर नॉन-बायनरी कलाकारांनी काय केले?

एकसारखा निर्णय कोणाचाच नाही. ‘द क्राउन’मध्ये डायना साकारणाऱ्या एमा कॉरिन, ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’मधील एमा डार्सी आणि ‘द लास्ट ऑफ अस’मधील बेला रॅमसी यांना अभिनेत्री विभागात नामांकने मिळाली आणि त्यांनी ती स्वीकारली. ‘यलोजॅकेट्स’मधील लिव्ह ह्यूसन यांनी २०२३ मध्ये एमीसाठी नाव पाठवायलाच नकार दिला. आपल्यासाठी तिथे जागा नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

त्याच वर्षी ब्रॉडवेवर दोन टोके एकत्र दिसली. ‘अँड ज्युलिएट’मधील जस्टिन डेव्हिड सलिव्हन यांनी टोनी पुरस्काराच्या विचारातून नाव मागे घेतले. दुसरीकडे ‘सम लाइक इट हॉट’साठी जे. हॅरिसन घी आणि ‘शक्ड’साठी ॲलेक्स न्यूएल यांना टोनी मिळाले. जाहीरपणे नॉन-बायनरी असलेल्या कलाकारांना अभिनयासाठी मिळालेले हे पहिले टोनी. दोन्ही पुरस्कार अभिनेत्याच्या विभागातले.

यातील अडचण व्यावहारिक आहे. नामांकनाने मानधन वाढते, पुढच्या भूमिका मिळतात, निर्मात्यांच्या यादीत नाव वर जाते. नाव मागे घेणे म्हणजे या सगळ्यावर पाणी सोडणे. चुकीच्या पाटीखाली उभे राहायचे की रांगेतूनच बाहेर पडायचे, हा पर्याय नॉन-बायनरी कलाकारांपुढे असतो. बाकीच्या कोणालाही तो निवडावा लागत नाही.

मग सगळे विभाग एकत्र का करत नाहीत?

कारण विरोधकांची भीती पोकळ नाही. विभाग एकत्र केले तर महिलांचीच जागा जाईल, असा त्यांचा मुख्य मुद्दा. त्यासाठी ऑस्करच्या दिग्दर्शन विभागाकडे बोट दाखवले जाते. तो सुरुवातीपासून लिंगनिरपेक्ष आहे. २०२५ पर्यंतच्या ९७ सोहळ्यांत तो जिंकणाऱ्या महिला केवळ तीन : कॅथरिन बिगलो, क्लोई झाओ आणि जेन कॅम्पियन. अभिनयात मात्र वेगळ्या विभागामुळे दरवर्षी दहा महिलांना नामांकन आणि दोघींना पुरस्कार मिळण्याची हमी असते. हॉलीवूडमध्ये महिलांना हक्काने मिळणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत. त्यांतली ही एक.

ब्रिटनच्या ‘ब्रिट’ संगीत पुरस्कारांनी ही भीती खरी करून दाखवली. २०२२ मध्ये त्यांनी पुरुष आणि महिला गायक हे विभाग एकत्र केले. पहिल्या वर्षी ॲडेल जिंकल्या आणि सगळे सुरळीत वाटले. २०२३ मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट कलाकारासाठीची पाचही नामांकने पुरुषांची निघाली. टीका झाल्यावर २०२४ पासून नामांकने पाचावरून दहावर नेण्यात आली आणि त्या वर्षी रे ही गायिका विजेती ठरली.

उलट उदाहरण बर्लिनचे. २०२१ ते २०२५ या पाच वर्षांत तिथे प्रमुख अभिनयाचा एकत्रित पुरस्कार चार वेळा महिला किंवा मुलीला मिळाला : मारेन एगर्ट, मेल्तेम काप्तान, सोफिया ओतेरो आणि रोझ बर्न. २०२४ मध्ये सेबॅस्टियन स्टॅन हा एकमेव पुरुष विजेता. स्पिरिट पुरस्कारांत २०२३ ते २०२५ या काळात चित्रपटांतील प्रमुख आणि सहायक अभिनयाचे सहा पुरस्कार दिले गेले. तीन महिलांना, तीन पुरुषांना.

फरक कशामुळे पडतो?

दोन गोष्टींमुळे. एक, निवड कोण करते. बर्लिनमध्ये काही मोजके परीक्षक स्पर्धेतले सगळे चित्रपट पाहतात, समोरासमोर बसून चर्चा करतात आणि निर्णय घेतात. ऑस्करसारख्या पुरस्कारांत हजारो सदस्य आपापल्या घरी मतदान करतात. तिथे ज्याची जाहिरात मोठी, ज्याचा चित्रपट जास्त लोकांनी पाहिला, त्याचे पारडे जड. चित्रपटसृष्टीत पुरुषप्रधान चित्रपटांवर जास्त पैसा लागत असेल, तर एकत्रित विभागात तीच विषमता जशीच्या तशी उतरणार.

दुसरी गोष्ट, जागा किती. आज ऑस्करमध्ये अभिनयाचे चार विभाग आणि प्रत्येकी पाच, म्हणजे एकूण २० नामांकने आहेत. विभाग चारावरून दोन करून प्रत्येकी पाचच नामांकने ठेवली, तर जागा १० वर येतील. कलाकारांच्या संघटनांना हे परवडणारे नाही. नामांकने प्रत्येकी दहा केली, तर जागा २० राहतील, पण पुरस्कार चारऐवजी दोनच उरतील. त्यामुळे विभाग एकत्र करणाऱ्या काही आयोजकांनी प्रमुख-सहायक याशिवाय ‘उदयोन्मुख कलाकार’ असा विभाग जोडला, तर काहींनी एकाच विभागात दोन विजेते जाहीर केले. लिंगाऐवजी नाट्यमय आणि विनोदी अशी विभागणी करावी, असाही प्रस्ताव अधूनमधून पुढे येतो.

थोडक्यात, नॉन-बायनरी कलाकारांना जागा देणे आणि महिलांची जागा राखणे या दोन्ही मागण्या न्याय्य आहेत. फक्त पाटी बदलून त्या दोन्ही पूर्ण होत नाहीत. नामांकनांची संख्या आणि निवडीची पद्धत यांनाही हात घालावा लागतो.

मराठीत लिहायचे कसे?

इंग्रजीत डिलन यांच्यासाठी ‘दे’ हे सर्वनाम वापरले जाते. एकवचनी ‘दे’ ही आजकालची टूम असल्याचा आरोप होतो, पण ऑक्सफर्ड शब्दकोशाने त्याचा वापर १३७५ पर्यंत मागे नेला आहे. मेरियम-वेबस्टर या अमेरिकी शब्दकोशाने २०१९ मध्ये याच शब्दाला वर्षाचा शब्द ठरवले.

मराठीत सर्वनामापेक्षा क्रियापद अडवते. इंग्रजीत ‘मी’ला लिंग नाही. मराठीत ‘मी जेवलो’ की ‘मी जेवले’ हे ठरवल्याशिवाय साधे वाक्यही पूर्ण होत नाही. नपुंसकलिंगातले ‘ते’ उपलब्ध आहे, पण ते मूल, पाखरू किंवा वस्तूसाठी. मोठ्या माणसाला लावले तर अपमान वाटतो.

तरीही भाषेत वाटा आहेत. ‘व्यक्ती’ हा शब्द स्त्रीलिंगी असून पुरुषालाही चालतो. ‘कलाकार’ सर्वांना लागू होतो. ‘डिलन यांनी सांगितले’ या रचनेत बोलणारी व्यक्ती स्त्री की पुरुष हे कळत नाही. ‘डिलन म्हणतात’ यातही नाही. या मजकुरात डिलन यांच्याबद्दल याच रचना वापरल्या आहेत. आणि कोल्हापूरकडच्या मुली ‘मी आलो’, ‘मी गेलो’ असे सर्रास म्हणतात, तेव्हा व्याकरणातले लिंग आणि माणसाचे लिंग एकच असते असे नाही, हे मराठी माणसाला नवे नाही. प्रश्न ठरावीक शब्दांचा कमी आणि समोरच्याला कसे संबोधलेले आवडेल हे विचारण्याचा जास्त आहे.

पुढे काय?

ऑस्करने विभाग बदलले तर इतर पुरस्कारांनाही भूमिका घ्यावी लागेल. तशी चिन्हे तूर्त नाहीत. भारतात राष्ट्रीय पुरस्कारांपासून फिल्मफेअरपर्यंत अभिनेता आणि अभिनेत्री हे विभाग कायम आहेत. केरळ सरकारने मात्र राज्य चित्रपट पुरस्कारांत महिला आणि ट्रान्सजेंडर कलाकारांसाठी एक विशेष पुरस्कार ठेवला आणि ‘अंतरम’मधील भूमिकेसाठी २०२२ मध्ये तो नेघा एस. यांना जाहीर झाला. वेगळी रांग तयार करणे हा एक उपाय झाला. रांगाच एकत्र करणे हा दुसरा. पहिल्याने दखल घेतली जाते, पण मुख्य स्पर्धेबाहेर. दुसऱ्याने स्पर्धा खुली होते, पण ती सर्वांसाठी समान राहील याची खात्री नसते.

या दोन्हींमध्ये निवड करण्याआधी आयोजकांना एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल. पुरस्कार कामाला द्यायचा आहे, की ते काम करणाऱ्याच्या ओळखीला? डिलन यांच्या २०१७ च्या पत्रातला प्रश्न हाच होता. एमीने त्यावर मानचिन्हावरचा एक शब्द बदलण्याची सोय केली. विभागांवरच्या पाट्या मात्र अजून तशाच आहेत.